हरकत आहे, आणि ती मुदतीत आहे

पेपरात निविदा, नावात बदल आणि हरवलेली गुणपत्रकं यांच्या गर्दीत अधूनमधून एक लांबलचक जाहीर सूचना छापलेली असते. अक्षर इतकं बारीक की चष्म्याचा नंबर वाढावा. वर वीज कंपनीचं नाव, खाली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा, म्हणजे विजेचे दर आणि नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, उल्लेख, मधे प्रस्तावित दरांची कोष्टकं आणि लोकांनी हरकती पाठवायची मुदत. आपण पान उलटतो. तीन-चार महिन्यांनी बिल आलं की सोसायटीच्या ग्रुपवर ‘लूट चालली आहे’ असं लिहितो आणि खाली रागावलेले चेहरे टाकतो.

स्वच्छ ऊर्जेसाठी, हवामानासाठी काहीतरी करावं असं ज्यांना मनापासून वाटतं, पण झाडं लावणं आणि मोर्चाला जाणं यापलीकडचा रस्ता ज्यांना सापडत नाही, त्यांनी सुरुवात त्या पानापासून करावी असं मी सांगतो. कारण तिथे तुमचं म्हणणं ऐकून घेणं समोरच्याला कायद्याने भाग आहे. बाकी ठिकाणी ती मेहेरबानी असते.

एक उदाहरण देतो. २०१९ च्या अखेरीस आयोगाने छतावरच्या सौर प्रकल्पांसाठी नव्या विनियमांचा, म्हणजे कायद्याखाली आयोग करतो त्या नियमांचा, मसुदा काढला. नेट मीटरिंगची (छतावर तयार होऊन वीज कंपनीला दिलेली वीज बिलातल्या युनिटांतून वजा करण्याची) सोय महिन्याला ३०० युनिटपर्यंतच ठेवायची आणि त्यावरच्या विजेचा हिशेब वेगळ्या पद्धतीने करायचा, असा त्यात विचार होता. सोसायट्या, लहान कारखानदार, पॅनेल बसवून देणारे, ग्राहक संघटना अशा सगळ्यांनी हरकती पाठवल्या. ३० डिसेंबर २०१९ ला अंतिम विनियम निघाले, त्यात ती मर्यादा नव्हती. रस्त्यावर टायर जळाले नव्हते की कोणी उपोषणाला बसलं नव्हतं. जे झालं ते कागदावर, मुदतीत.

आधी कोण काय ठरवतं ते बघा

‘हवामान कायदा’ असा एकच कायदा आपल्या देशात नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. वीज कायदा २००३ चा, ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा (त्यात २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन क्रेडिटचा बाजार आणि बिगर-जीवाश्म इंधन वापरण्याचं बंधन आलं), पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे दिल्ली आणि मुंबई दोघांनाही त्यावर कायदा करता येतो.

पण कायदा ढोबळ असतो. तुमच्या छतावरच्या युनिटचं काय होणार, वीज कंपनीने एकूण विजेतली किती वीज सूर्य-वाऱ्याकडून घ्यायची, दुपारची वीज स्वस्त की रात्रीची, हे सगळं राज्याचा नियामक आयोग ठरवतो. आपला आयोग १९९९ पासून आहे, मुंबईत कफ परेडला बसतो. वीज कायद्याच्या कलम ६४ नुसार दरवाढीच्या अर्जावर निकाल देण्याआधी लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणं त्याला बंधनकारक आहे. विनियम करायचे तर कलम १८१ नुसार मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. कलम ८६(१)(ई) नुसार अपारंपरिक विजेला चालना देणं हे आयोगाचं कामच आहे, आणि कलम ८६(३) त्याला कारभार पारदर्शक ठेवायला सांगतं. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे सारखे लागतात.

हा अधिकार फुकटात मिळालेला नाही, हे तरुण वाचकांना सांगायला हवं. १९९३ साली एनरॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला तेव्हा त्यातला हिशेब लोकांसमोर मांडलेलाच नव्हता. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कराराचं गणित मांडून दाखवलं आणि वीज हा विषय इंजिनियर-मंत्र्यांच्या खोलीतून बाहेर आला. आज ‘प्रयास’, मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्था कलम ९४(३) खाली ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून आयोगासमोर उभ्या राहतात. त्या आहेत म्हणून आपण गप्प बसावं असं मात्र नाही. त्यांच्याकडे विश्लेषण असतं, तुमच्याकडे तुमचं बिल असतं. दोन्ही लागतं.

(गोव्यातल्या वाचकांसाठी: तुमचा आयोग वेगळा, गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त. कार्यालय गुरुग्रामला आहे. कायदा तोच आणि हरकतीचा अधिकारही तोच.)

पहिलं काम: स्वतःचं बिल वाचा

हसू नका. दहापैकी आठ जण फक्त शेवटची रक्कम आणि शेवटची तारीख बघतात.

बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. शुल्क सरकारकडे जातं. इंधन समायोजन आकार म्हणजे वीजखरेदी ठरल्यापेक्षा महाग पडली की त्याची वसुली. कोळसा महागला की त्याची झळ याच ओळीतून तुमच्यापर्यंत येते. बारा महिन्यांची बिलं काढा आणि या ओळीतले आकडे एका कागदावर उतरवा. हवामानाबद्दलची सगळी भाषणं एकीकडे आणि हा कागद एकीकडे. सुनावणीत कागदच जड पडतो.

छतावर पॅनेल असतील तर आयात युनिट, निर्यात युनिट आणि पुढे ओढलेली शिल्लक या तीन नोंदी बघा. शिल्लक युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाअखेरीस मिटतो. मार्चमध्ये तुमची किती युनिटं शिल्लक होती आणि त्यांचे किती पैसे जमा झाले, हे माहीत नसताना नेट मीटरिंगवर बोलायला जाऊ नका. समोरचा पहिला प्रश्न तोच विचारेल.

दुसरं: नोटीस आणि याचिका

आयोगाच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला एकदा डोकावायचं. मी रविवारी सकाळी चहाबरोबर हे करतो, पाच मिनिटांचं काम आहे. वीज कंपनीच्या संकेतस्थळावरही नोटीस असते. हरकतींसाठी साधारण तीन आठवडे मिळतात आणि त्यातला पहिला आठवडा कोणाला कळण्यातच जातो, हे धरून चाला.

दरवाढीची याचिका शेकडो पानांची आणि इंग्रजीत असते. ती सगळी वाचायची नाही. तिचा कार्यकारी सारांश मराठीत मिळतो. तो आधी. मग मूळ याचिकेत दररचनेचं प्रकरण उघडायचं आणि सोलर, रूफटॉप, नेट मीटरिंग, टाइम ऑफ डे (वेळेनुसार वेगळा दर), ग्रिड सपोर्ट (छतावरच्या ग्राहकाने विजेचं जाळं वापरण्याबद्दलचा आकार), आरपीओ असे शब्द शोधायचे. जिथे सापडतील त्याच्या मागची-पुढची दोन पानं वाचायची, पानांचे आणि परिच्छेदांचे क्रमांक टिपून ठेवायचे.

आरपीओ म्हणजे वीज कंपनीने एकूण विजेपैकी किमान किती टक्के अपारंपरिक स्रोतांची घ्यायची ते बंधन. केंद्रानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये याची चढती पट्टी जाहीर केली: २०२४-२५ ला २९.९१ टक्के, २०२९-३० ला ४३.३३ टक्के. त्यात विकेंद्रित, म्हणजे छतावरच्या आणि लहान प्रकल्पांसाठी स्वतंत्र वाटा राखला आहे, तो २०२९-३० ला ४.५ टक्के आहे. हे हाताशी असलं की वाद सोपा होतो. छतावरच्या ग्राहकाच्या वाटेत काटे टाकले तर हा ४.५ टक्के वाटा कुठून भरणार, एवढंच विचारायचं.

तिसरं: हरकत लिहिणं

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या खेपेला मी अकरा पानं लिहिली होती. हिमालयातल्या हिमनद्यांपासून सुरुवात, मग आयपीसीसी, मग पॅरिस करार, मधे मालदीव. मागणी शेवटून दुसऱ्या पानावर, तीही ‘याचा गांभीर्याने विचार व्हावा’ अशी. प्रत्यक्ष सुनावणीत माझी निम्मी वेळ प्रस्तावनेत गेली आणि समोरून शांतपणे प्रश्न आला, ‘तुमची मागणी नेमकी काय आहे?’ मी कागद चाळत राहिलो. मागे बसलेल्या यंत्रमागवाल्या काकांनी त्यांच्या पाळीत चार वाक्यं बोलून स्थिर आकाराचा मुद्दा असा मांडला की सभागृह गप्प झालं.

तेव्हापासून माझा नियम एक पान, एक मागणी. दोन मागण्या असतील तर दोन वेगळे परिच्छेद, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक. हवामान बदल खरा आहे हे आयोगाला पटवून द्यायची गरज नाही. अमुक परिच्छेदातला अमुक प्रस्ताव का नको आणि त्याऐवजी काय हवं, हे सांगायचं.

नमुना म्हणून २०२५ चा प्रसंग घेऊ. महावितरणच्या पंचवार्षिक दरयाचिकेत असा प्रस्ताव होता की सौर तासांत, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये, तयार झालेली वीज त्याच तासांतल्या वापरातून वळती व्हावी. आता नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत, अशा घरात दिवसा पंखासुद्धा फिरत नाही. सगळा वापर संध्याकाळनंतर. अशा घराची हरकत साधारण अशी होईल:

*‘मी आपल्या परवाना क्षेत्रातील घरगुती ग्राहक असून माझ्या छतावर ३ किलोवॉटचा सौर प्रकल्प आहे. त्यातून दिवसाला सरासरी १२ युनिट वीज तयार होते. सोबत जोडलेल्या १२ महिन्यांच्या बिलांवरून दिसेल की माझ्या घरातील वापर प्रामुख्याने संध्याकाळी ६ नंतरचा आहे. याचिकेतील परिच्छेद क्र. … मधील प्रस्ताव मान्य झाल्यास माझ्या निर्मितीचा मोठा भाग वळता होणार नाही. केंद्र सरकार याच प्रकल्पासाठी ७८,००० रुपये अनुदान देते. एकीकडे सार्वजनिक पैशातून प्रोत्साहन आणि दुसरीकडे परतफेडीचा काळ लांबवणारी दररचना, हे परस्परविरोधी आहे. सबब, घरगुती ग्राहकांना या तरतुदीतून वगळावे, ही विनंती. मला प्रत्यक्ष सुनावणीत म्हणणे मांडायचे आहे.’*

बस. यात भावना नाही असं नाही, पण ती आकड्यांच्या मागे उभी आहे. त्या वर्षी या मुद्द्यावर राज्यभरातून हरकती गेल्या आणि आयोगाने घरगुती सौर ग्राहकांना त्या बंधनातून बाहेर ठेवलं.

ग्रुपवर फिरणारा एकच मजकूर शंभर जणांनी नाव बदलून पाठवायचा, हा प्रकार मला फारसा पटत नाही. संख्या दिसते हे खरं, पण आदेशात असे सगळे अर्ज एकाच ओळीत गुंडाळले जातात. मजकुराचा सांगाडा एक ठेवा, पण आकडे प्रत्येकाने स्वतःच्या बिलातले घालावेत. सोसायटीतल्या दहा घरांच्या दहा वेगळ्या हरकती त्या शंभरांना भारी पडतात. सोसायटीच्या सामाईक जोडणीची, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांची, हरकत वेगळी द्या. तिला कमिटीचा ठराव जोडा.

चौथं: दाखल करणं आणि सुनावणी

आयोगाच्या संकेतस्थळावर ई-सार्वजनिक सल्लामसलतीची सोय आहे, तिथून अर्ज चढवता येतो. नाव, पूर्ण पत्ता, ईमेल लागतं. शुल्क नाही, वकील नको. मराठीत लिहिलेलं चालतं. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं स्पष्ट नमूद करा. सादर केल्याची पोच, स्क्रीनशॉट का होईना, जपून ठेवा. पोच नसेल तर अर्ज दिला हे तुम्ही कोणाला दाखवणार?

कंपनीने तुमच्या हरकतीला लेखी उत्तर देणं अपेक्षित असतं. ते आलं की नीट वाचा. बऱ्याचदा त्यात तुमच्या मुद्द्याला बगल देऊन याचिकेतलाच परिच्छेद पुन्हा चिकटवलेला असतो. सुनावणीत बोलायला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही: ‘मी विचारलं होतं हे, उत्तर आलंय ते.’

महावितरणच्या सुनावण्या एकट्या मुंबईत होत नाहीत. नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी आयोग जातो. सभागृहात पहिल्यांदा गेलात तर बुजायला होतं. एका बाजूला कंपनीच्या अधिकाऱ्यांची रांग, फायलींचे गठ्ठे, उद्योग संघटनांचे वकील. दुसऱ्या बाजूला कृषिपंपाचं बिल घडी घालून खिशात ठेवलेले शेतकरी. आधी कंपनीचं सादरीकरण होतं, मग नावं पुकारली जातात. तुमच्या वाट्याला तीन ते पाच मिनिटं येतील. घरी घड्याळ लावून एकदा मोठ्याने बोलून बघा. तुमच्या आधी कोणी तोच मुद्दा मांडला असेल तर ‘मी त्यांच्याशी सहमत आहे, त्यात एकच भर घालतो’ असं म्हणून पुढचा आकडा द्या. आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांवर आवाज चढवू नका. समोर बसलेला अधीक्षक अभियंता प्रस्ताव बनवत नाही, तो फक्त तिथे पाठवलेला असतो. उद्या मीटरच्या तक्रारीसाठी त्याच्याकडेच जायचं आहे.

पाचवं: आदेश वाचणं

हे कोणीच करत नाही आणि खरी शिकवणी इथेच आहे. आयोगाच्या दर-आदेशात प्रत्येक मुद्द्याखाली तीन भाग असतात: लोकांची हरकत, कंपनीचं उत्तर, आयोगाचं मत. शेवटी हरकतदारांची यादी असते. विनियमांबरोबर तर ‘कारणांचं निवेदन’ असा वेगळा दस्तऐवजच निघतो. आपला मुद्दा मान्य झाला की नाही यापेक्षा तो का फेटाळला ते वाचा. पुढच्या वेळचा अर्ज तिथूनच लिहिला जातो.

एक जुना आदेश मुद्दाम सांगतो. मार्च २०२० मध्ये आयोगाने छतावरच्या ग्राहकांवर ग्रिड सपोर्ट आकार लावण्याची मागणी तेव्हा मान्य केली नाही. राज्यातली छतावरची क्षमता ५,००० मेगावॉट होईपर्यंत तो लावायचा नाही, असं ठरलं. आता घरोघर पॅनेल चढताहेत, म्हणजे तो विषय पुन्हा टेबलावर येणार. ज्यांनी २०२० चा आदेश वाचलाय ते तयार असतील.

आदेश निघाला म्हणजे फाइल बंद झाली असंही नाही. २८ मार्च २०२५ चा दर-आदेश घ्या. २ एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली, पुनर्विलोकन झालं, २५ जूनला नवा आदेश आला आणि १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. ज्यांनी मार्चमध्ये पेढे वाटले त्यांना जुलैत बिल बघून कळलं. आदेशावर अपील करायचं तर दिल्लीच्या वीज अपिलीय न्यायाधिकरणाकडे, ४५ दिवसांत. ते मात्र संघटनेचं आणि वकिलाचं काम आहे, एकट्याने अंगावर घेऊ नका.

आमदारांकडे जाताना

‘साहेब, हवामान बदलावर काहीतरी करा’ असं निवेदन देऊन फोटो काढला तर फोटो मिळतो, बाकी काही नाही. आमदाराला सभागृहात वापरता येईल असा कागद द्यायचा असतो.

तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, एक ठरलेली बोली आहे. ती शिकून घ्या:

*(१) अमुक तालुक्यातील शासकीय शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर प्रकल्प बसविण्याचे काम प्रलंबित आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, मंजूर व पूर्ण झालेल्या प्रकल्पांची संख्या किती. (३) त्यानुषंगाने शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?*

असा तयार मसुदा स्वीय सहाय्यकाच्या हातात दिलात तर तो खरंच दाखल होण्याची शक्यता कितीतरी वाढते. मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर नोंदीवर राहतं. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जातात, म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीच्या आधीच गाठ घ्या. विषय तातडीचा असेल तर विधानसभेच्या नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना असते. आणखी एक गोष्ट आमदारांनाही बरेचदा आठवत नाही: वीज कायद्याच्या कलम १८२ नुसार आयोगाचे विनियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. तुम्ही काढायला लावू शकता.

निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. तीन आठवड्यांनी फोन. विरोधी बाकावरच्या आमदारांकडेही तोच कागद द्या. यात बेइमानी काही नाही, प्रश्न विचारायची हौस तिकडे जास्त असते.

दिल्लीपर्यंत

केंद्रातल्या कायद्यांसाठी २०१४ चं विधिपूर्व विचारविनिमय धोरण आहे. मंत्रालयाने मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असं ते म्हणतं. नेहमी पाळलं जातंच असं नाही, पण पाळलं जातं तेव्हा संधी असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने वीज कायदा दुरुस्तीचा मसुदा असाच सूचनांसाठी खुला केला होता. याआधीचं २०२२ चं दुरुस्ती विधेयक ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडल्यावर ऊर्जाविषयक स्थायी समितीकडे गेलं आणि पुढे सरकलंच नाही. समितीकडे विधेयक गेलं की ती लोकांकडून लेखी म्हणणं मागवते. पत्र लिहायची पद्धत वरचीच: कलम क्रमांक, काय बदलायचं, का.

खासदारांच्या खासगी विधेयकावर फार आशा ठेवू नका. आजवर जेमतेम १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. चर्चा होते, विषय नोंदीवर येतो, तेवढंच.

सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला माळढोकच्या प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये बसतो असं म्हटलं. सोलापूरजवळ नान्नजला एकेकाळी माळढोक बघायला माणसं येत, त्यामुळे आपल्याला हा पक्षी परका नाही. खासदारांच्या पत्रात हा निकाल जरूर घाला. दराच्या हरकतीत मात्र त्याचा उपयोग कमी. तिथे युनिट आणि पैसेच बोलतात.

माहिती अधिकार: मधल्या काळातलं काम

नोटीस नसते तेव्हा आकडे गोळा करावेत. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयावर, १५० शब्दांत, १० रुपयांच्या शुल्कात होतो. उत्तर ३० दिवसांत. ‘का’ असं विचारू नका, कारण विचारलं की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर ठरलेलं. ‘किती’ आणि ‘कोणत्या तारखेला’ असं विचारा. नेट मीटरसाठी आलेले अर्ज किती, मंजूर किती, अर्ज ते मीटर यातले दिवस किती. असा एक तक्ता पुढच्या सुनावणीत पाच भाषणांचं काम करतो.

गावात राहत असाल तर

शहरातल्या हवामानप्रेमींना एक गोष्ट सहसा दिसत नाही. दिवसा शेतीला वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्रांजवळ जमिनी घेतल्या जाताहेत. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं मिळतं आणि पंपाला दिवसा वीज. रात्री दोन वाजता साप-विंचवात पाणी धरायला जावं लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण जागा गायरानाची असली की मेंढपाळांचा, ज्यांची दोन-चार गुरं त्यावर जगतात त्यांचा प्रश्न उभा राहतो. स्वच्छ ऊर्जेच्या बाजूचे आहोत म्हणून त्यांचं तोंड बंद करायला आपण गेलो तर गावात पुन्हा कोणी आपलं ऐकणार नाही. मी तरी अशा वेळी आधी चराईची जागा मोजून बाजूला काढा, मग उरलेल्यावर पॅनेल, याच बाजूने बोलतो.

हे बोलायची जागा ग्रामसभा. ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास हमखास होते. विषय पत्रिकेवर आणायचा असेल तर लेखी अर्ज आधी ग्रामपंचायतीत द्या, सातबारा आणि गट नंबर जोडा, चरणाऱ्या जनावरांचा आकडा लिहा. आणि निघताना सरपंचांना नमस्कार करून ग्रामपंचायतीतून त्या अर्जाची पोच घ्या.